उताऱ्यावरचे नाव : ‘भूमी’ प्रकल्प, नोंदींची भाषा आणि सीमाभागातील खातेदार

महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस आले की कार्यालयाच्या खिडकीपुढे कागदांच्या पिशव्या घेऊन पालकांची रांग लागते. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याच्या पिशवीत जमिनीचा उतारा हमखास असतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, आणि त्या दाखल्यासाठी उतारा हवा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात अशा वेळी एक अडचण वारंवार उभी राहते. उताऱ्यावर वडिलांचे नाव ‘खादरसाब’ असते, मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘अब्दुल कादर’, उर्दू शाळेत शिकलेल्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘अब्दुल क़ादिर’, आणि आधार कार्डावर आणखी चौथेच काही. माणूस एकच, पण कागदांच्या दृष्टीने ते चार जण आहेत, आणि चौघांपैकी फक्त एकाकडे जमीन आहे.

ही अडचण एखाद्या कारकुनाच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांच्या दप्तराचा इतिहास, तीन लिप्या आणि गेल्या पंचवीस वर्षांतील संगणकीकरण आहे. कर्नाटक शासनाचा ‘भूमी’ प्रकल्प हा देशातील जमीन नोंदींच्या संगणकीकरणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग समजला जातो. त्याने काय साधले, काय तसेच राहिले, आणि ज्या खातेदाराची बोलण्याची भाषा व दप्तराची भाषा वेगळी आहे त्याच्या वाट्याला काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय महसूल खात्याचा असला तरी उतारा घेऊन विद्यार्थी शेवटी अध्यापकाकडेच येतो, म्हणून तो अध्यापकांनाही माहीत असलेला बरा.

दप्तराची वाट

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेच्या वेळी त्याचा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. उरलेला जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. साहजिकच या भागातील जुने महसुली दप्तर १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या वळणाचे आहे. काही गावांत ते मराठीत आहे, जुने असेल तर मोडी लिपीत. काही गावांत कन्नडमध्ये. पुढे १९६४ चा कर्नाटक जमीन महसूल कायदा लागू झाला आणि ज्याला मराठी माणूस सातबारा म्हणतो त्याच्या जागी ‘आर.टी.सी.’ आली. हक्क, कूळ आणि पीक या तिन्हींची नोंद एका कागदावर, असा तिचा अर्थ. सरकारी कन्नडमध्ये तिला ‘पहाणी’ म्हणतात.

‘पहाणी’ हा शब्द मराठी आहे. तलाठ्याने शेतावर जाऊन पीक पाहायचे, ती पाहणी. हा शब्द कन्नडमध्ये गेला तसा तेलुगूतही गेला. तेलंगणातील शेतकरी आजही कागदाला ‘पहाणी’च म्हणतो. उलट मराठी माणूस ज्या शब्दांत जमिनीचा व्यवहार बोलतो त्यांतले निम्मे अरबी-फारसीतून आलेले आहेत : महसूल, तहसील, तालुका, जमाबंदी, वसूल, बाकी, हक्क, वारस, नक्कल, दाखला, सनद, इनाम, वतन, नमुना. बहामनी आणि आदिलशाही दप्तरांतून ते मराठ्यांच्या दप्तरात आले, तेथून इंग्रजांच्या काळात पक्के झाले. कर्नाटकात मृत खातेदाराच्या वारसांची नोंद ज्या खात्यावर होते त्याला ‘पौती खाते’ म्हणतात. हा ‘पौती’ म्हणजे जुन्या मराठी कागदांतला ‘फौत’, आणि तो म्हणजे उर्दूतला ‘फ़ौत’, म्हणजे मृत्यू. एक शब्द तीन भाषांत फिरून आला आणि प्रत्येक लिपीने त्याचे थोडे थोडे रूप बदलले. शब्दाचे असे झाले तर कोणाचे बिघडत नाही. माणसाच्या नावाचे झाले की जमीन अडकते.

‘भूमी’पूर्वीची स्थिती

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा, आंध्रातील रंगारेड्डी, गुजरातेतील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मुरैना हे जिल्हे होते. पहिली दहा वर्षे यांतून फारसे निघाले नाही. संगणकात नोंदी भरल्या जात, पण तलाठ्याकडील हस्तलिखित रजिस्टर चालूच राही. नवा फेरफार रजिस्टरात होई, संगणकात होत नसे. वर्षभरात दोन्हींत अंतर पडे आणि लोक रजिस्टरावरच विश्वास ठेवत.

कर्नाटकात त्या वेळी सुमारे ९ हजार ग्रामलेखापाल होते. बेळगाव भागात त्यांना आजही तलाठीच म्हणतात. एकेकाकडे तीन-चार गावे. रजिस्टर त्यांच्या ताब्यात, त्यामुळे उतारा हवा असेल तर तलाठ्याला गाठणे आले. तो कोणत्या गावी आहे हे कळेपर्यंत दोन फेऱ्या होत. त्या काळच्या पाहण्यांत असे नोंदले गेले की उतारा मिळायला ३ ते ३० दिवस लागत आणि कामाच्या निकडीप्रमाणे १०० ते २,००० रुपयांपर्यंत वरकड द्यावी लागे. सरकारी जमिनीवर खासगी नाव चढवणे, दोन भावांपैकी एकाचे नाव गाळणे अशा गोष्टी शाईने खोडून होऊ शकत. वरिष्ठ अधिकाऱ्याला पडताळणी करायची म्हटली तरी रजिस्टर एकच, आणि तेही गावात.

प्रकल्पाने काय केले

‘भूमी’ची आखणी कर्नाटकाच्या महसूल विभागाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने केली. प्रकल्पाचे सूत्रधार सनदी अधिकारी राजीव चावला होते. सुमारे २७ हजार गावांतील, सुमारे ६७ लाख खातेदारांच्या जवळजवळ २ कोटी नोंदी संगणकात भरल्या गेल्या आणि २००२ पर्यंत १७७ तालुक्यांच्या ठिकाणी ‘भूमी’ केंद्रे सुरू झाली. १५ रुपये भरून कोणीही कोणत्याही गट क्रमांकाचा उतारा मागू शके आणि तो काही मिनिटांत छापून मिळे.

या प्रकल्पाचे कौतुक करताना बहुधा वेगाचाच उल्लेख होतो. प्रत्यक्षात त्याचे यश दुसऱ्याच दोन-तीन निर्णयांत आहे. पहिला आणि सर्वांत धाडसी निर्णय म्हणजे तालुक्यात संगणकीय नोंद सुरू झाली त्या दिवसापासून तेथील हस्तलिखित उतारा बेकायदा ठरवला गेला. आधीच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा घोटाळा नेमका येथे होता; दोन रजिस्टरे समांतर चालू राहिली की संगणक शोभेचा होतो. दुसरा निर्णय अर्जांच्या क्रमाचा. फेरफाराचा अर्ज आला की त्याला क्रमांक पडे आणि आधी आलेल्या अर्जाला ओलांडून नंतरचा अर्ज पुढे सरकवण्याची सोय संगणकात ठेवलीच नव्हती. तिसरा, नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच संगणकात शिरता येई. म्हणून ‘माझा परवलीचा शब्द दुसऱ्याने वापरला’ असे पुढे म्हणायला जागा नव्हती. आणि एक लहानशी पण शहाणपणाची गोष्ट : खिडकीत बसलेल्या कारकुनाच्या पडद्याबरोबर दुसरा पडदा बाहेर, अर्जदाराकडे तोंड करून ठेवला होता. आपल्या नोंदीत काय टंकले जात आहे हे अर्जदाराला दिसे.

दिसे, पण कन्नडमध्ये. ज्याला कन्नड वाचता येत नाही त्याच्यासाठी तो दुसरा पडदा असून नसल्यासारखा. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेला पन्नाशीचा शेतकरी कन्नड बोलतो, बाजारात व्यवहार करतो. पण छापील कन्नड अक्षर वाचून ‘ಕಾ’ आणि ‘ಖಾ’ यांतला फरक पकडणे त्याला जमेलच असे नाही. पारदर्शकतेची जी योजना राज्याच्या बहुसंख्य खातेदारांना लागू पडली, तीच येथे मध्यस्थावर अवलंबून राहिली. पूर्वीचा मध्यस्थ तलाठी होता, आता तो ‘भूमी’ केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस झाला.

आणखी एक टीका अभ्यासकांनी केली आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगळूरच्या आसपासच्या गावांचा अभ्यास मांडला. गावपातळीवरची नोंद तालुक्याला नेऊन केंद्रित केल्यावर मोठ्या खरेदीदारांना जमिनीची माहिती एका ठिकाणी मिळू लागली, आणि लाच नाहीशी न होता वरच्या पायरीवर गेली, असे त्यांचे म्हणणे होते. बंगळूरभोवतीच्या जमिनीचे जे झाले ते चिकोडी किंवा हुक्केरीत तसेच झाले असे मानण्याचे कारण नाही; जमिनीला मागणी किती यावर ते ठरते. पण संगणक आला म्हणून गावातले बलाबल बदलत नाही, एवढे मात्र त्यातून खरेच दिसते.

चूक छापील होते तेव्हा

संगणकात नोंदी भरताना तलाठ्यांनी हस्तलिखित रजिस्टरावरून माहिती दिली, ती टंकली गेली, छापून तलाठ्याकडे तपासायला आली, आणि त्याच्या सहीनंतर पक्की झाली. म्हणजे हस्तलिखितात जे होते ते संगणकात आले. ज्याचे बाप मरून वीस वर्षे झाली होती त्याच्या उताऱ्यावर बापच राहिला. हाताने लिहिलेल्या चुकीकडे लोक ‘लिहिणाऱ्याची चूक’ म्हणून पाहत. छापील चुकीला मात्र एक अधिकार येतो.

कायद्यानेही तो अधिकार दिला आहे. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम १३३ नुसार हक्कनोंदीतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत कलम १५७ असेच आहे. मात्र याचा अर्थ उतारा म्हणजे मालकी असा नव्हे. फेरफाराची नोंद मालकी निर्माण करत नाही आणि नष्टही करत नाही, ती प्रामुख्याने सारा कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. वर्गात विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण ‘उताऱ्यावर नाव म्हणजे जमीन आपली’ असेच सांगतील. त्यांच्या घरीही तीच समजूत असते, आणि भावकीच्या भांडणात तीच महागात पडते.

आता नावाच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर कर्नाटकातील गावांत मुसलमान पुरुषाचे नाव बोलीत ‘साब’ लावून घेतले जाते : इमामसाब, हुसेनसाब, राजेसाब. तलाठ्याने जसे ऐकले तसे लिहिले. शाळेत मौलवींनी किंवा मास्तरांनी ‘मोहम्मद हुसेन’ लिहून घेतले. उर्दूतील क़ाफ मराठीत ‘क’ होतो, कन्नडमध्ये बहुधा ‘ख’. म्हणून मराठीतला कादर कन्नडमध्ये खादर. ज़ आणि ज यांतला फरक दोन्ही लिप्यांत रोजच्या लिहिण्यात उमटत नाही, त्यामुळे तेथे भांडण नाही. पण ‘शेख’ हा शब्द शेख, शेक, शैख अशा तीन वळणांनी येतो. काही ठिकाणी तो नावाआधी असतो, काही ठिकाणी आडनावाच्या जागी, आणि काही ठिकाणी आडनावाच्या जागी व्यवसाय किंवा वतन बसलेले असते : मुल्ला, मुजावर, नदाफ, बागवान, जमादार, देसाई. स्त्रियांची स्थिती याहून अवघड. माहेरी ‘फातिमा’, सासरी ‘फातिमाबी’, मतदार यादीत ‘फातिमा बेगम’. आणि उताऱ्यावर पुष्कळदा कोणतेच नाव नाही.

मराठी हिंदू खातेदारांचेही नावापुरते असेच होते. कन्नडमधील ‘ಳ’ आणि ‘ಲ’, मराठीतील ‘पाटील’चे कन्नड ‘पाटील’ आणि ‘पाटीला’, ‘ज्ञानेश्वर’चे अनेक अवतार. गावात एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या काळात याने काही अडले नाही. आता अडते, कारण नोंदी एकमेकींशी जोडल्या जात आहेत.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. त्यासाठी जमिनीची नोंद, आधार आणि बँक खाते या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये उतारा आधारशी जोडण्याची मोहीम घेतली. या मोहिमेतून एक उपयोगी गोष्ट उघड झाली, ती म्हणजे मृत व्यक्तींच्या नावावर अजून असलेली खाती किती मोठ्या संख्येने आहेत. त्यानंतर पौती खात्यांच्या नोंदीसाठी गावोगाव मोहिमा झाल्या. शासनाच्या दृष्टीने जोडणी म्हणजे बनावट माणसाला बाहेर ठेवणे. पण संगणक खादरसाब आणि अब्दुल कादिर यांना ओळखत नाही; तो अक्षरे जुळवतो. जुळली नाहीत की खरा माणूसही बाहेर राहतो, आणि आपण खरे आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते. तहसील कार्यालयात ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, पंचांचा जबाब, गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. मजुरीचे दोन-तीन दिवस जातात.

वारसनोंद आणि मुली

पौती मोहिमेचा दुसरा पदर अधिक नाजूक आहे. वारसांची नोंद वंशावळीवरून होते, आणि वंशावळ घरातले पुरुष देतात. तीत विवाहित बहिणींची नावे गळतात, किंवा नोंदीच्या आधीच त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतली जाते. हे सर्व समाजांत घडते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली तिने मुलीला सहदायाद केलेच, शिवाय शेतजमिनीला वेगळा न्याय लावणारे कलम ४(२) ही काढून टाकले. मुस्लिम स्त्रीच्या बाबतीत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो, मशिदीत सांगितलाही जातो. पण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा प्रश्न वगळलेला आहे. काही राज्यांनी पुढे दुरुस्ती करून शेतजमीनही त्यात आणली, सर्वांनी नाही. म्हणून कोणत्या भागात काय लागू होते हे स्थानिक वकिलाकडून समजून घेणे इष्ट. हिस्सा किती हा पुढचा प्रश्न; आधी वंशावळीत नाव तर असले पाहिजे. एकदा छापील उताऱ्यावर तीन भावांची नावे आली की चौथी बहीण वारस आहे हे तिला दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते.

अकराव्या रकान्याविषयी येथेच सांगितले पाहिजे. आर.टी.सी.मध्ये नवव्या रकान्यात मालकाचे नाव येते, दहाव्यात जमीन कशी मिळाली ते, अकराव्यात इतर हक्क आणि बोजा, बाराव्यात कसणारा आणि पीक. बँकेचे कर्ज अकराव्या रकान्यात दिसते. २०२४ च्या उत्तरार्धात विजयपूर जिल्ह्यात काही शेतकऱ्यांच्या जमिनींना वक्फच्या दाव्याच्या नोटिसा आल्या, काहींच्या अकराव्या रकान्यात नोंदीही झाल्या, आणि मोठे आंदोलन उभे राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने त्या नोटिसा मागे घेण्याचे आणि नोटीस न देता झालेल्या नोंदी रद्द करण्याचे आदेश दिले. या प्रकरणाचे राजकारण झाले ते झालेच. दप्तराच्या अंगाने पाहता जुन्या राजपत्रातील यादी आणि आजचा गट क्रमांक यांचा मेळ न घालता नोंद करणे हेच चुकले होते. यात कसणारा शेतकरीही घाबरला, आणि ज्या संस्थांची मालमत्ता खरोखर त्यांचीच आहे त्यांच्या खऱ्या नोंदीही संशयाच्या छायेत आल्या.

शेजारची उदाहरणे

महाराष्ट्रात ई-फेरफार, मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी असा क्रम आहे. पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊन नोंद करतो. पाहणारा बदलला, शब्द तोच राहिला. टंकलेखनाच्या चुकांसाठी तेथे संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि संगणकीकरणाच्या काळात या कलमाचा मोठा उपयोग झाला. गुजरातेत ‘ई-धरा’ केंद्रे आहेत. वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांना तेथील सातबारा, आठ-अ ही नावे परकी वाटत नाहीत, कारण मुंबई इलाख्याचीच ती पद्धत. इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी आणि पटवारी, १९५९ च्या मध्य प्रदेश संहितेखाली.

तेलंगणाचे उदाहरण मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये तेथे ग्राम महसूल अधिकाऱ्यांची पदेच रद्द करण्यात आली आणि २९ ऑक्टोबर २०२० ला ‘धरणी’ संकेतस्थळ सुरू झाले. नोंदणी आणि फेरफार एकाच वेळी, तहसीलदाराच्या समोर, त्याच दिवशी. व्यवहार स्वच्छ असेल तर ही सोय उत्तम होती. पण ज्याच्या नोंदीत आधीच चूक होती, किंवा ज्याची पट्ट्याची जमीन चुकून निषिद्ध यादीत गेली होती, त्याला ऐकून घेणारा गावात कोणी उरला नव्हता आणि तहसीलदाराला दुरुस्तीचा अधिकार नव्हता. कसणाऱ्याचा रकानाही गेला. त्याने वर्षानुवर्षे कसल्याचा पुरावा नाहीसा झाला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे साचले. शेवटी नवा कायदा होऊन १४ एप्रिल २०२५ ला ‘भू भारती’ आले आणि अपिलाच्या पायऱ्या पुन्हा घालण्यात आल्या. आदिलाबादच्या मराठीभाषक गावांनी हा सर्व फेरा पाहिला आहे. ‘भूमी’ने तलाठ्याच्या हातून रजिस्टर काढले पण तलाठी ठेवला, तीस दिवसांची नोटीस ठेवली, साहाय्यक आयुक्तांकडे अपील ठेवले. कलम १३६ खालचे हे अपील, आणि त्यावर उपायुक्तांकडे पुनरीक्षण, हीच कर्नाटकातील खातेदाराची खरी सोय आहे, जरी तिची माहिती फार थोड्यांना असली तरी.

भाषेचा हक्क कागदावर

राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही नागरिकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ चे निवेदन आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेचे निर्णय आहेत. एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही द्यावेत, असे त्यांत ठरले. कलम ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमले जातात आणि त्यांचे एक प्रादेशिक कार्यालय बेळगावातच ठेवले गेले होते. तरीही आर.टी.सी. कन्नडमध्येच छापली जाते. राज्याची राजभाषा ती असल्यामुळे मूळ नोंद त्या भाषेत असावी यात गैर काही नाही. सीमाप्रश्नाच्या वादाशी हा मुद्दा जोडण्याचेही कारण नाही. मागणी इतकीच होऊ शकते की खातेदाराला वाचता येईल अशी सोबतची प्रत मिळावी.

तंत्राच्या दृष्टीने हे आता कठीण राहिलेले नाही. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या साहाय्याने हक्कनोंदीचे आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत लिप्यंतर करण्याचे साधन हाती घेतले. प्रायोगिक राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लिप्यंतर म्हणजे अक्षरास अक्षर. कन्नड ‘खादरसाब’चे यंत्र मराठीत ‘खादरसाब’च करील, आणि उर्दूत त्याला ‘ख़े’ लावील की ‘खे’, हे त्याला कोण शिकवणार? नावांची अशी जोडयादी, म्हणजे कादर-खादर-क़ादिर एकच हे सांगणारी, उर्दू, मराठी आणि कन्नड तिन्ही जाणणारी माणसेच तयार करू शकतात. भाषा विभाग असलेल्या महाविद्यालयांना हे काम परके नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका गावाच्या मतदार यादीतील आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातील नावांची तुलना केली तरी एक चांगला लघुप्रबंध होईल. फक्त खासगी माहिती जपण्याची काळजी घ्यावी लागेल.

अशा माणसांची गरज किती खरी आहे हे महाराष्ट्रात २०२३ मध्ये दिसले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून समितीला हैदराबादची कागदपत्रेही पाहावी लागली. नोंदी निघाल्या त्या उर्दूत आणि मोडीत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिप्या शिकून काय करणार असे पालक विचारत होते, त्यांच्यासाठी महसूल कार्यालये माणसे शोधत होती.

कर्नाटकातही २०२४ पासून ‘भू सुरक्षा’ या नावाने तहसील कार्यालयांतील जुन्या अभिलेखांचे छायाचित्रण करून ते संगणकात ठेवण्याचे काम चालू आहे. उधई आणि पावसापासून कागद वाचवण्यासाठी ते फार दिवसांपूर्वीच व्हायला हवे होते. पण पानाचे छायाचित्र घेणे आणि त्या पानावर कोणाचे नाव आहे हे सूचीत लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. सूची ज्याला लिपी येते तोच करतो. बेळगाव, खानापूर, चिकोडीच्या दप्तरातील मोडी पाने छायाचित्रात सुरक्षित राहतील. त्यांची सूची ‘जुने मराठी कागद, वाचता न येणारे’ एवढ्यावर थांबली, तर पणजोबांच्या खरेदीखताचा शोध घेणाऱ्या नातवाला ती सापडणार नाहीत.